आमचे येथे माणसे सर्व भाषांत पाहून मिळतील

मराठी समीक्षेने आजवर कोणाला सोडलेले नाही. कविता झाली, कादंबरी झाली, नवकथा झाली. नाटकाची समीक्षा तर कधीकधी तिसरी घंटा व्हायच्या आतच झालेली असते. ओव्यांवर प्रबंध आहेत, उखाण्यांवर आहेत, ट्रकमागच्या मजकुरावरही कोणी ना कोणी पीएच.डी. करीत असेलच. पण ज्या वाङ्मयप्रकारात आज घरटी निदान तीन लेखक आहेत, त्याच्याकडे आमच्या समीक्षकांनी ढुंकूनही पाहिलेले नाही. तो प्रकार म्हणजे समाजमाध्यमावरचे प्रोफाइल. आत्मचरित्र, जाहिरात, वधूवर सूचक मंडळाचा फॉर्म आणि देवळातली देणगीदारांची पाटी यांच्या मिश्रणातून तो जन्मला आहे. एवढा मोठा ऐवज बेवारशी पडून राहावा, हे माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाला बघवत नाही. आमच्याकडे दहा वर्षे ठेवीला कोणी हात लावला नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. साहित्यात तशी सोय नाही. म्हणून मी पुढे होतो.

आता तुम्ही म्हणाल, हा कोण टिकोजीराव? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. रस नऊ असतात हे मला ठाऊक आहे, पण त्यांची नावे विचारलीत तर सात सांगेन आणि उरलेले दोन सस्पेन्स खात्याला टाकीन. तरीसुद्धा या विषयावर माझा अधिकार आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख, व्यवसाय, वैवाहिक स्थिती आणि उजव्या कोपऱ्यात फोटो, हा मजकूर वाचून माणसाची पारख करण्यात माझी वीस वर्षे गेली. प्रोफाइल प्रोफाइल म्हणतात ते दुसरे काय असते? आमच्या केवायसी फॉर्मचेच ते शहरात शिकून आलेले चिरंजीव आहे. फरक इतकाच की आमच्या फॉर्मवरच्या फोटोत कोणी हसत नाही.

प्रोफाइलाची सर्वसाधारण समीक्षा मी पुढेमागे करीनच. आज मला त्याच्या भाषांतरांबद्दल बोलायचे आहे. कारण आपली मराठी कादंबरी जर्मन भाषेत जायची म्हटली तर त्याला दहा वर्षे, दोन परिसंवाद आणि एक शिष्टमंडळ लागते. प्रोफाइल मात्र एका टिचकीसरशी जर्मनमध्ये जाते, तिथून फ्रेंचमध्ये, आणि चहा निवायच्या आत परत मराठीत येते. घरबसल्या कोणत्याही माणसाला कोणत्याही भाषेत पाहता येते. त्यासाठी लागतो फक्त ब्राउझर.

हा ब्राउझर माणूस भाषांतरित करून दाखवतो तो तीन वाटांनी. पहिली वाट पत्त्याची. फेसबुकच्या पत्त्यात सुरुवातीला जिथे तीन 'डब्ल्यू' असतात, तिथे 'एमआर', एक आडवी रेघ आणि 'आयएन' असे लिहिले, की पानाची चौकट मराठी होते. 'डीई-डीई' लिहिले तर जर्मन, 'एफआर-एफआर' लिहिले तर फ्रेंच. माणूस तोच, फोटो तोच, फोटोतला जाकीटही तोच. भोवतालच्या पाट्या तेवढ्या बदलतात. पुण्याचा माणूस बदली होऊन गेला आणि खुर्चीमागची पाटी बदलली, तसेच.

दुसरी वाट चिठ्ठीची. कोणतेही पान मागताना ब्राउझर समोरच्याला गुपचूप एक चिठ्ठी देतो. त्यात आपल्या पसंतीच्या भाषा क्रमाने लिहिलेल्या असतात, आणि त्यांना चक्क दशांशात मार्क दिलेले असतात. पहिली मराठी, मग हिंदी ०.९, मग इंग्रजी ०.८. ही पद्धत पाहून मला भरून आले. आमच्याकडेही बदलीच्या आधी पसंतीची तीन ठिकाणे अशीच लिहून घेतात. माणूस डोंबिवली, ठाणे, कल्याण असे सुवाच्य अक्षरात लिहितो, आणि ऑर्डर चौथ्याच गावाची येते. इथेही तसेच आहे. चिठ्ठी मानायचीच असे समोरच्यावर बंधन नसते.

तिसरी वाट यंत्राची. पान परक्या भाषेत आहे असे दिसले की ब्राउझर अदबीने विचारतो, भाषांतर करू का? 'हो' म्हटले की डोळ्यांदेखत पान मराठी होते. गूगलच्या भाषांतरयंत्रात मराठी आली २०१३ साली. २०१७ साली त्याची जुनी पद्धत जाऊन न्यूरल नावाची नवी पद्धत मराठीला लागू झाली, आणि २०२२ साली कोकणीही आली. हे शास्त्र मोठे आहे यात शंका नाही. पहिल्या दोन वाटांनी फक्त चौकट बदलते. या तिसऱ्या वाटेने माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूरही बदलतो. समीक्षकाचे खरे काम इथे सुरू होते.

आधी चौकट पाहू. समीक्षक तिला आकृतिबंध म्हणतात. पुष्कळ मराठी पानांवर माणसाची माहिती जिथे असते, तिथे मथळा असतो 'बद्दल'. नुसते 'बद्दल'. कोणाबद्दल, कशाबद्दल, काही नाही. आमच्या व्याकरणाच्या मास्तरांनी हे पाहिले असते तर छडी मोडेपर्यंत मारले असते. शब्दयोगी अव्यय हे नामाला जोडून येते. नामावाचून 'बद्दल' म्हणजे खुंटीवाचून हवेत टांगलेला सदरा! इंग्रजीत 'अबाउट' पुढे येतो, मराठीत 'बद्दल' मागून येते, हे ज्याला कळले नाही त्याने मथळा केला. बरे, तो मथळा रोज लाखो लोक वाचतात आणि कोणाला काही वाटत नाही. मला वाटते, आणखी वीस वर्षांनी 'माझ्या बद्दलमध्ये बघ ना' असे लोक बोलू लागतील आणि मी तेव्हा पेन्शनीत असेन.

दुसरी अडचण सामान्यरूपाची. यंत्र काय करते, एक वाक्य तयार ठेवते आणि नावाच्या जागी गाळलेली जागा ठेवते. 'अमुक ने फोटो बदलला.' आता आपल्याकडे नावे अशी गाळलेल्या जागेत बसत नाहीत, त्यांना अंग चोरून बसावे लागते. काळे यांनी फोटो बदलला तर तो काळ्यांनी बदललेला असतो, मोऱ्यांच्या फोटोला शेंड्यांची पसंती मिळते. पण यंत्र सांगते, 'मोरे ने फोटो बदलला'. अहो, ही भाषा आहे की रेल्वेचा रिझर्व्हेशन चार्ट? शिवाय मान वेगळाच. 'साहेब ने फोटो बदलला' असे मी शाखेत म्हटले तर दुसऱ्या दिवशी माझीच जागा गाळलेली असेल.

आणि नाती? चौकटीत सगळेच 'मित्र'. साहेब मित्र, सासरे मित्र, ज्यांच्याशी सोसायटीच्या पाण्यावरून तीन वर्षे अबोला आहे ते वरच्या मजल्यावरचे गृहस्थही मित्र. इंग्रजीत 'फ्रेंड' हे सैल कापड आहे, कोणाच्याही अंगाला होते. आपल्याकडे सासरे ते सासरे. त्यांना 'मित्र' या सदराखाली पाहिले की मला दर वेळी उठून उभे राहावेसे वाटते.

यंत्र बनवणाऱ्यांनाही या अडचणी ठेच लागून लागूनच कळल्या. फेसबुकने आपली चौकट परभाषांत न्यायला सुरुवात केली २००८ साली. स्पॅनिशने श्रीगणेशा झाला, आणि भाषांतरे केली ती वापरणाऱ्यांनीच, फुकट. (फुकट म्हटल्यावर आपण लगेच उत्साही होतो, हे जगभर सारखेच आहे.) तोवर इंग्रजीत सगळे सुखेनैव चालले होते. ज्याने स्वतः पुरुष की स्त्री हे सांगितले नव्हते, त्याचे इंग्रजीत कसेबसे निभावत होते. दुसऱ्या भाषांत गेल्यावर यंत्र त्याला हवे ते लिंग लावू लागले. शेवटी त्याच वर्षी जूनमध्ये फेसबुकने जाहीर केले की बाबांनो, तुम्ही कोण ते सांगा, आमचे व्याकरण अडले आहे. मराठी माणसाला हे कोणी २००८ सालापर्यंत थांबून सांगायची गरज नव्हती. इंग्रजीत माणूस येतो, जेवतो, पान खाऊन निघून जातो तरी तो की ती हे क्रियापदाला कळत नाही. मराठीत 'आला' की 'आली' हे ठरल्याशिवाय कोणी उंबऱ्याच्या आत येऊच शकत नाही.

चौकट झाली. आता नावाकडे वळू. नावात काय आहे असे विचारणारा माणूस बँकेत कधी आला नसावा. नावात एका 'ए'चा फरक पडला तर आम्ही ग्राहकाकडून स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र घेतो. यंत्राला असली काही पर्वा नाही. देवनागरीत लिहिलेले प्रोफाइल इंग्रजीत नेले तर काळे यांचे 'ब्लॅक' होतात आणि वाघ यांचे 'टायगर'. ते एक वेळ परवडले; निदान भारदस्त तरी वाटते. पण रोमन लिपीत लिहिलेली मराठी आडनावे मराठीत आणू लागलो, की खरी गंमत. मोरे यांचे स्पेलिंग आणि इंग्रजी 'मोअर'चे स्पेलिंग एकच, त्यामुळे मोरे होतात 'अधिक'. दाते होतात 'तारीख'. माने यांची होते 'आयाळ'. काळे यांची केल नावाची एक विलायती पालेभाजी होते, आणि गोरे यांचे काय होते ते जेवणाच्या वेळी सांगण्यासारखे नाही. त्यात साने यांचे इंग्रजी स्पेलिंग 'सेन'शी जुळते, म्हणून ते होतात 'शहाणे'. आता शहाणे हेही आपल्याकडे आडनाव आहे! म्हणजे सान्यांची रक्कम थेट शहाण्यांच्या खात्याला जमा. ऑडिटला सापडणारसुद्धा नाही.

हे दर वेळी होते असे नाही. कधी होते, कधी होत नाही. मला आक्षेपार्ह वाटते ते हेच. रोज पाच मिनिटे मागे पडणारे घड्याळ चालते, आपण पाच मिळवून घेतो. कधी मागे, कधी पुढे, कधी बरोबर असे घड्याळ भिंतीवर असले तर माणूस शेजाऱ्याला वेळ विचारतो.

आता आशय. माणूस प्रोफाइलात जे स्वतः लिहितो ते. इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आपल्याकडचा माणूस कोणत्या भाषेत लिहितो ते उगाच नसते. माझ्या ओळखीत एक जण आहे. तो कंपनीतल्या लोकांसाठी इंग्रजीत लिहितो, तेव्हा तो नेतृत्व वगैरे करीत असतो. गावाकडच्यांसाठी मराठीत लिहितो, तेव्हा तो म्हशीचा फोटो टाकतो आणि आईच्या हातच्या पिठल्याची आठवण काढतो. दोन्ही खरे आहे. एकाच माणसाची ती दोन खाती आहेत, चालू आणि बचत. आणि कोणत्या खात्यात काय भरायचे हे त्याने ठरवलेले असते. ब्राउझर दोन्ही पासबुके सगळ्यांसमोर उघडी टाकतो. गावाला नेतृत्व दिसते, कंपनीला म्हैस.

भाषा हा पूर्वीपासून आपल्याकडचा अर्धा पडदा आहे. आमची सासुरवाडी सोलापूरकडची. पाहुणे बसलेले असताना साखर संपली, तर सौ. आणि तिची आई कानडीत बोलतात. पाहुण्यांना कळत नाही आणि कोणाचा अपमानही होत नाही. सौ.चे मामा समाजमाध्यमावर लिहितात तेही कानडीत. एकदा मी त्यांचे पान मराठीत करून पाहिले, तर तिथे 'जावई फार गुणी आहे' असे वाक्य निघाले. मी ते वाक्य मोठ्याने दोनदा वाचले. सौ.ने मूळ पाहिले आणि म्हणाली, "तिथं 'अळिय' लिहिलंय. अळिय म्हणजे जावई, आणि अळिय म्हणजे बहिणीचा मुलगासुद्धा. हे आमच्या दादाबद्दल आहे." कानडीत एकाच शब्दात जावई आणि भाचा नांदतात, हे खरेच आहे. यंत्राला मात्र एकच निवडावा लागतो, आणि त्याने निवडताना कोणाला विचारलेले नसते. निवाडा अजून व्हायचा आहे; मी तो राखून ठेवला आहे.

ही झाली घरातली गोष्ट. आमच्या शाखेतल्या हेड कॅशियरवर मात्र बाका प्रसंग आला. त्यांच्या मुलीला जर्मनीतले स्थळ सांगून आलेले. पत्रिका जुळलेली, पगार जुळलेला. मुलगा तिथली भाषा शिकलेला आणि आपल्या पानावर तिथल्याच भाषेत लिहिणारा. दुपारच्या सुटीत हेड कॅशियरांनी फोनवर ब्राउझरमधून त्याचे पान मराठीत उघडले, आणि दोन हजारांची कॅश कमी भरावी तसा त्यांचा चेहरा झाला. म्हणाले, "अहो, जरा इकडे या. हे वाचा." तळ्याकाठचा फोटो, पाच-सात माणसे, आणि खाली मराठीत, 'प्रेयसीसोबत रविवार'. डबा तसाच राहिला. त्या दिवशी त्यांनी भेंडीची भाजी न खाता परत नेली, यावरून प्रसंगाचे गांभीर्य कळावे.

मी तेच वाक्य इंग्रजीत करून पाहिले. तिथे 'एका फ्रेंडसोबत रविवार' असे आले. मुलगा की मुलगी, पत्ता नाही. ते इंग्रजी पुन्हा मराठीत केले तर 'मित्रासोबत रविवार'! एकच रविवार, एकच तळे, आणि बरोबरची व्यक्ती प्रेयसी, निनावी आणि मित्र अशी तीनदा बदललेली. शेवटी मी पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेल्या माझ्या भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "मामा, जर्मनमध्ये 'फ्रॉइंडिन' म्हणजे मैत्रीण आणि प्रेयसी दोन्ही. आधीचा शब्द बघा. 'मायनर' आहे की 'आयनर'? 'मायनर' असेल तर माझी, म्हणजे बहुतेक प्रेयसी. 'आयनर' असेल तर एक कोणीतरी मैत्रीण." आम्ही दोघे चष्मे लावून मूळ मजकुराकडे वाकलो. 'एम' नव्हता. 'आयनर'च होते! एका 'एम'वर एक लग्न लटकलेले मी त्या दिवशी पाहिले. चेकवरच्या शून्यालाही मी इतक्या बारकाईने कधी पाहिलेले नाही.

संध्याकाळी हेड कॅशियरांनी घरी जाऊन मुलीला हे सगळे अगदी हळुवारपणे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, मी त्याला पंधरा दिवसांपूर्वीच विचारलंय. ती त्याच्या ऑफिसातली आहे, तिचा नवरा फोटो काढत होता." हेड कॅशियर चकित होऊन म्हणाले, "कोणत्या भाषेत विचारलंस?" ती म्हणाली, "मराठीत. तो नाशिकचा आहे ना!"

सगळ्यांच्या नशिबी अशी मुलगी नसते. ऑक्टोबर २०१७ मधली गोष्ट आहे. बांधकामावर काम करणाऱ्या एका पॅलेस्टिनी मजुराने बुलडोझरला टेकून काढलेला आपला फोटो फेसबुकवर टाकला आणि अरबीत वर लिहिले, सुप्रभात. यंत्राने हिब्रूत त्याचे भाषांतर केले, 'त्यांच्यावर हल्ला करा'. इस्रायली पोलिसांनी त्याला धरून नेले. त्याच्या मूळ वाक्यावरून अरबी जाणणाऱ्या एकाही अधिकाऱ्याने अटकेआधी नजर फिरवलेली नव्हती. काही तासांनी चूक ध्यानात आल्यावर त्याला सोडले, आणि फेसबुकने दिलगिरी व्यक्त केली. आपण रोज सकाळी सूर्योदयाची आणि गुलाबाची चित्रे टाकून पन्नास जणांना सुप्रभात म्हणतो. त्यातल्या एकालाही ते हल्ल्याचे आवाहन वाटले नाही, हे आपले भाग्य. (वैतागतात, ती गोष्ट वेगळी.)

मराठी माणसाला या घटनेचे नवल वाटू नये. 'ध'चा 'मा' आपल्याकडे पूर्वीच होऊन गेला आहे. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि कागदावरच्या 'धरावे'चे आनंदीबाईंनी 'मारावे' केले, अशी आख्यायिका तेव्हापासून सांगतात. खरेखोटे इतिहासकार जाणोत. पण आख्यायिकेत निदान एक नाव आहे. अक्षर कोणी बदलले म्हणून बोट कोणाकडे दाखवायचे ते लोकांना अडीचशे वर्षे ठाऊक आहे. २०१७ सालच्या त्या मजुराने कोणाकडे बोट दाखवायचे?

याच मालिकेतले पुढचे दोन अंक तुम्हाला आठवत असतील. जानेवारी २०२० मध्ये चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग म्यानमारच्या दौऱ्यावर गेले. त्या भेटीच्या बर्मी मजकुराचे फेसबुकवर इंग्रजी होताना त्यांच्या नावाचे असे काही भाषांतर झाले, की ते मी या पुस्तकात छापू शकत नाही. कंपनीने माफी मागितली आणि कारण सांगितले की ते नाव आमच्या बर्मी साठ्यात नव्हते, म्हणून यंत्राने अंदाज केला. अंदाज! आमच्याकडे ग्राहकाचे नाव सापडले नाही म्हणून कोणी अंदाजाने दुसरे लिहिले, तर त्याला त्याच संध्याकाळी मेमो मिळतो. मग जुलै २०२५. ज्येष्ठ अभिनेत्री बी. सरोजादेवी गेल्या. कर्नाटकाच्या मुख्यमंत्रिपदावर असलेल्या सिद्धरामय्या यांच्या नावे कानडीत शोकसंदेश प्रसिद्ध झाला. यंत्राने इंग्रजी करताना सिद्धरामय्याच निधन पावल्याचे सांगितले. पुन्हा माफी. आमच्या पेन्शनर मंडळींना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो म्हणून ती कुरकुरतात. मी त्यांना हे उदाहरण सांगतो. म्हणतो, आजोबा, तुम्हाला वर्षातून एकदाच द्यावा लागतोय.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही यंत्राच्या नावाने बोटे मोडता, पण ते नव्हते तेव्हा तुम्हाला कानडी मामांचे पान वाचता तरी येत होते का? हा मुद्दा मला मान्य आहे. समीक्षकाने जमेची बाजूही लिहावी. शेजारच्या काकू कोरियातल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईचे पान रोज मराठीत वाचतात, आणि कोणता टाका कुठे घातला हे त्यांना पक्के समजते. दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्द येत नाही. परक्या माणसाचे चार शब्द कळावेत, त्याच्या घरीही पाऊस पडतो आणि त्याचीही पोरे अभ्यास करीत नाहीत एवढे समजावे, याला यंत्र उत्तम आहे. जमेला मी हे ठळक लिहितो. आणखी एक जमा आहे. लिंक्डइनवर आपले प्रोफाइल दुसऱ्या भाषेतही स्वतः लिहून ठेवायची सोय आहे, आणि पाहणाऱ्याची भाषा जुळली तर त्याला तेच दिसते. म्हणजे तिथे लेखकच भाषांतरकार, आणि चूक झाली तर ती त्याची. याला मी प्रामाणिक वाङ्मय म्हणेन.

खर्चाची बाजू मात्र एकच आहे, पण रक्कम मोठी आहे. यंत्र भाषांतर करते आणि सही करीत नाही.

आमच्या बँकेत पाहा. चेक मराठीत लिहिला तरी चालतो, देवनागरी सही चालते, अंगठाही चालतो. पण कर्जाची कागदपत्रे इंग्रजीत असली आणि सही मराठीत झाली, तर खाली आणखी एक निवेदन घेतात. मजकूर ग्राहकाला त्याच्या भाषेत वाचून दाखवला, समजावून सांगितला, त्याला तो समजला. आणि त्याखाली वाचून दाखवणाऱ्याची सही. मी अशा सह्या कितीदा केल्या आहेत. समोर एखादे शेतकरी आजोबा बसलेले असतात. 'हायपोथिकेशन' या शब्दाला मराठीत काय म्हणावे हे मलाही पटकन सुचत नाही. मग मी सांगतो, "आजोबा, ट्रॅक्टर तुमच्याकडंच राहणार, पण हप्ते थकले तर बँक तो नेऊ शकते." ते विचारतात, "म्हणजे विकता येनार न्हाई?" मी म्हणतो, "बँकेला विचारल्याबिगर नाही." मग ते सही करतात, आणि मी करतो. माझे भाषांतर शब्दाला शब्द नसते. एखाद्या भाषातज्ज्ञाने त्यात दहा चुका काढल्या असत्या. पण उद्या भांडण झाले तर तो कागद काढून साहेब विचारतील, हे कोणी समजावले? आणि खाली माझे नाव असेल. त्या नावाच्या भीतीने माणूस नीट बोलतो.

प्रोफाइलाच्या भाषांतराखाली असे नाव नसते. त्याहून वाईट म्हणजे कोणती ओळ माणसाची आणि कोणती यंत्राची, हे नुसते बघून कळत नाही. दोन्ही एकाच टायपात, एकाच शाईत, त्याच माणसाच्या फोटोशेजारी. वाचणाऱ्याला वाटते, हाच बोलला. 'हल्ला करा' हे त्या मजुराच्या तोंडी गेले, 'प्रेयसी' त्या नाशिकच्या मुलाच्या तोंडी. आणि आता प्रोफाइल काही फक्त काकू वाचत नाहीत. नोकरी देणारे वाचतात, व्हिसा देणारे वाचतात, पोलीस वाचतात, सासरे तर वाचतातच. त्यांच्या हातात माणसाचे बरेवाईट असते.

म्हणून या वाङ्मयप्रकाराच्या प्रकाशकांना माझ्या तीन सूचना आहेत. एक, नावाला हात लावू नये. ते बापाने ठेवलेले असते. दोन, यंत्राचा मजकूर वेगळ्या शाईत छापावा. आमच्याकडे दुरुस्ती लाल शाईने करून शेजारी आद्याक्षरे घालतात, तसे काहीतरी. तीन, मूळ मजकूर भाषांतराच्या बरोबरीने समोर ठेवावा. तो दाखवणारे बटण पुष्कळ ठिकाणी असते, पण ते इतक्या बारीक अक्षरांत, की आमच्या मुदतठेवीच्या अटीही त्यापेक्षा ठसठशीत वाटाव्यात.

एकूण अभिप्राय द्यायचा तर असा. छपाई सुबक, मांडणी आकर्षक, किंमत शून्य. त्यामुळे हे वाङ्मय प्रत्येकाने एकदा परभाषेत वाचून पाहावे. करमणुकीस उत्तम. पुराव्यास अपुरे. एखाद्याच्या नोकरीबद्दल, लग्नाबद्दल किंवा अटकेबद्दल त्यावरून काही ठरवायचे असेल, तर आधी मूळ उघडावे, ती भाषा जाणणारा कोणी गाठावा, आणि सर्वांत सोपे म्हणजे त्या माणसाला सरळ फोन करून विचारावे. तो बँकेत असेल तर दुपारी दोन ते अडीच सोडून.